ओव्हरप्रॉडक्शन: कुठं काय अर्थ घ्यायचा आणि आपल्या धंद्यात ते ओळखायचं कसं

ऊस परिषदेच्या भाषणात ऐकायला मिळतं की साखर जास्त झालीय म्हणून दर पडलाय. शिरोली एमआयडीसीतल्या कंपनीत भिंतीवर पोस्टर असतंय, सात प्रकारची नासाडी, आणि त्यात सगळ्यात वर ओव्हरप्रॉडक्शन. रिपोर्ट बघून डॉक्टर सांगतात थायरॉईडचं हार्मोन जास्त तयार व्हायलंय. एमपीएससीच्या क्लासला १९२९ची मंदी शिकवताना परत तोच शब्द, आणि रात्री मोबाईलवर कोणतरी सांगत असतंय की देशात पदवीधरांचंच ओव्हरप्रॉडक्शन झालंय. शब्द एक आणि अर्थ पाच. कट्ट्यावरच्या वादात एक जण साखरेच्या अर्थानं बोलत असतो, दुसरा कारखान्यातल्या अर्थानं, आणि दोघंबी एकमेकाला येड्यात काढून घरी जातात. म्हणून जरा इस्कटून लिहितोय.

पहिली गोष्ट म्हणजे "जास्त झालं" हे अर्धंच वाक्य आहे. कशाच्या मानानं जास्त? लोकांच्या गरजेच्या मानानं, लोकांच्या खिशातल्या पैशाच्या मानानं, करणाऱ्याला परवडेल त्या दराच्या मानानं, का पुढच्या मशीनला आज लागतंय त्याच्या मानानं? हे चारही वेगवेगळे प्रश्न आहेत आणि उत्तरंही वेगळी येतात. हे विचारून झालं की दुसरं बघायचं, जास्तीचा माल साठतोय कुठं, गोडाऊनमध्ये, रॅकवर, बांधावर का रक्तात. आणि तिसरं, जे बहुतेक लोक विचारतच नाहीत, की करणाऱ्याला दिसतंय माल जास्त झालाय, मग तो थांबत का नाही? खरी गोम तिथंच असते.

साखरेपासून सुरू करूया, कारण ते आपल्या घरचं आहे आणि त्यात आकडे उघड मिळतात.

साखर वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं आणि ३० सप्टेंबरला संपतं. हिशेब एका ओळीचा आहे. वर्षाच्या सुरुवातीचा साठा घ्या, त्यात उत्पादन मिळवा, देशातला खप आणि निर्यात वजा करा, उरलं ते पुढच्या वर्षाच्या डोक्यावर. २०१८-१९ सालाचे देशाचे आकडे राऊंड करून घेतले तर सुरुवातीला १०७ लाख टन साठा, उत्पादन ३३२ लाख टन, खप २५५, निर्यात ३८. म्हणजे शिल्लक राहिली जवळपास १४६ लाख टन. आता हा आकडा नुसता बघून काही कळत नाही, मोठा वाटतो एवढंच. त्याला महिन्यांत बदलायचं. २५५ ला १२ नं भागलं की महिन्याचा खप सव्वाएकवीस लाख टन, म्हणजे शिल्लक साखर जवळजवळ सात महिने पुरेल एवढी. आणि साधारण अडीच महिन्यांचा साठा असला तरी भागतं, कारण नवीन हंगामाची साखर बाजारात यायच्या आत दसरा-दिवाळी निघायला पाहिजे. अडीच महिन्यांच्या जागी सात, तर इथं ओव्हरप्रॉडक्शन हा शब्द बिनधास्त वापरा. कांदा असो, डाळ असो, सिमेंट असो, साठा महिन्यांत बदलल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, ही सवय लावून घ्या.

पण कशाच्या मानानं जास्त, हे अजून राहिलंच. साखरेचा दर उतरला म्हणून कोण चहात दोन चमचे जास्त टाकत नाही. मीठ, साखर, तेल असल्या वस्तूंचा खप दरावर फारसा हलत नाही, त्यामुळं माल थोडा जरी जास्त झाला तरी दर मात्र धाडकन खाली येतो. ते सावरायला सरकारनं जून २०१८ मध्ये साखरेच्या विक्रीचा किमान दर किलोला २९ रुपये ठरवला आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये ३१ केला. दुसऱ्या बाजूला उसाची एफआरपी, म्हणजे शेतकऱ्याला द्यायचा किमान दर, कायद्यानं बांधलेली. त्या हंगामात १० टक्के उताऱ्याला (उतारा म्हणजे उसातनं साखर किती टक्के निघते ते) टनाला २७५० रुपये आणि वरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला साडेसत्तावीस रुपये जादा. आपल्याकडचा उतारा चांगला, समजा साडेबारा टक्के, तर एफआरपी झाली ३४३७ रुपये. तोडणी-वाहतूक त्यातनंच कापली जाते ते वेगळं, पण कारखान्याला टनामागं एवढे मोजायचेत. आणि साडेबारा टक्के उताऱ्यानं टनातनं साखर निघाली १२५ किलो, २९ रुपयांनी तिचे झाले ३६२५. राहिले १८८ रुपये. त्यात गाळपाचा खर्च, कामगारांचे पगार, बँकेचं व्याज. मळी, बगॅस म्हणजे चिपाड यातनं चार पैसे येतात हे खरं, पण शिल्लक साखर विकलीच गेली नाही तर ते ३६२५ तरी हातात कुठले यायला? साखर तारण ठेवून बँकेची उचल घ्यायची आणि त्यातनं शेतकऱ्याचं बिल भागवायचं, वर व्याज चालूच. कायदा म्हणतो ऊस तुटल्यापासून १४ दिवसांत पैसे द्या, उशीर झाला तर १५ टक्के व्याज द्या. आता कारखाने मुद्दामच पैसे अडवतात का खरंच नसतात, यावर आपल्याकडं दरवर्षी रस्ते अडतात, त्यात मी इथं पडत नाही. पण हिशेब हा असा आहे, आणि आंदोलन करणाऱ्यानं अन् कारखानदारानं दोघांनीबी तो एकदा कागदावर मांडून बघावा.

आता गंमत बघा. ही साखर जास्त केली कुणी? त्या वर्षांत उत्तर प्रदेशात को ०२३८ ही उसाची जात पसरली, तिकडचा उतारा वाढला आणि देशाचं उत्पादन वर गेलं. आपल्या शिरोळ-कागलच्या शेतकऱ्यानं ८६०३२ जातीचाच ऊस लावलेला, एक सरीसुद्धा वाढवली नसेल, तरी त्याच्या बिलाला उशीर. कुणाच्या म्हशी आणि कुणाला उठाबशा. म्हणून "शेतकऱ्यांनी जास्त पिकवलं" असं सरसकट लिहू नका, कुठल्या शेतकऱ्यानं ते लिहा.

पुढं सरकारनं आधी ३० लाख आणि मग ४० लाख टनांचा बफर स्टॉक केला, निर्यातीला पैसे दिले, बी-हेवी मळी (थोडी साखर आत राखलेली मळी) आणि उसाच्या रसापासून इथेनॉलला चांगला दर दिला. कारखान्यांनी कर्ज काढून डिस्टिलऱ्या उभ्या केल्या. आणि डिसेंबर २०२३ मध्ये पाऊस कमी, साखर कमी पडेल म्हणून त्याच रसाच्या इथेनॉलवर बंधनं आली. पाच वर्षांत जास्तीचं कमी झालं. त्यामुळं कुठल्या वर्षाचं बोलताय हेही सांगायला लागतं, नुसतं "साखर धंद्यात अतिउत्पादन आहे" हे वाक्य काही कामाचं नाही.

(गुळाचं वेगळं आहे. साखर स्वस्त झाली की काही ठिकाणी ती काहिलीत ओतायचा मोह होतो, आणि मग गुळाच्या सौद्यात चांगल्या रव्यालाही भाव मिळत नाही. एका मालाचं जास्त उत्पादन शेजारच्या मालाला कसं मारतं याचा इतका ताजा नमुना दुसरा नाही, पण तो पूर्ण वेगळा विषय होईल.)

परीक्षेला बसणाऱ्यांसाठी अर्थशास्त्राचा भाग थोडक्यात. १८०३ मध्ये जे. बी. से या फ्रेंच माणसानं मांडलं की माल तयार करतानाच मजुरी, नफा, भाडं या रूपानं तो विकत घ्यायला लागणारा पैसाही तयार होतो, त्यामुळं एखाद्या वस्तूचं जास्त होईल पण सगळ्याच वस्तूंचं एकदम जास्त होणं शक्य नाही. सिस्मोंदी आणि माल्थस या अर्थतज्ज्ञांना हे पटलं नाही, ते म्हणाले माल सगळीकडंच तुंबू शकतो. मार्क्स आणि एंगल्सनी १८४८ मध्ये अतिउत्पादनाला साथीच्या रोगासारखं म्हटलं, की भांडवलशाहीत अधूनमधून माल एवढा होतो की कारखाने बंद पडतात, कारण ज्या कामगारानं तो केला त्याच्याच खिशात तो घ्यायला पैसे नसतात. केन्सनं १९३६ मध्ये उलट्या टोकानं धरलं, माल जास्त नाही, मागणी कमी आहे, ती वाढवा. पेपरात उत्तर लिहिताना हा फरक दाखवला की बास, कारण बहुतेक पोरं चौघांचं एकत्र कालवण करतात. उदाहरण द्यायचं तर ब्राझीलच्या कॉफीचं द्या. १९३१ ते १९४४ या काळात तिथल्या सरकारनं साडेसात कोटींहून जास्त पोती कॉफी जाळून-बुडवून नष्ट केली, दर सावरावा म्हणून. जगात कॉफी प्यायला माणसं नव्हती असं काही नाही, पैसे असलेली माणसं नव्हती. गरजेच्या मानानं जास्त आणि पैशाच्या मानानं जास्त, यातला फरक ह्या एका उदाहरणात येतो.

भाजीपाल्याला अजून एक अर्थ जोडलाय, उशिराचा. टोमॅटोला यंदा दर मिळाला की पुढच्या वेळी सगळेच टोमॅटो लावतात, सगळ्यांचा एकदम तोडणीला येतो, दर जातो मातीत, मग पुढच्या खेपेला कोणच लावत नाही आणि परत दर आभाळात. जर्मनीत आर्थर हानाऊनं १९२८ मध्ये डुकरांच्या भावात हेच चक्र दाखवलं होतं आणि कॅल्डॉरनं १९३४ मध्ये त्याला कोळ्याच्या (कीटकाच्या) जाळ्याचं, कॉबवेब हे नाव दिलं, आलेख काढला की तसा दिसतो म्हणून. आपण मात्र आजचा दर बघून लावायचं थांबवत नाही. आजचा दर हा दोन-तीन महिन्यांपूर्वीच्या लावणीचा निकाल असतो, त्याच्यावरनं पुढचं काय कळणार? दर नाही, रोपवाटिका बघा. जयसिंगपूर-शिरोळ बाजूच्या दोन-तीन नर्सऱ्यांत जाऊन नुसतं विचारायचं, टोमॅटोची रोपं मिळतील का आणि कधी. पुढचे वीस दिवस बुकिंग फुल आहे म्हटलं की समजायचं, लावणीपासून दोन-सव्वादोन महिन्यांनी मार्केट यार्डात काय होणार ते. रोपं पडून आहेत आणि नर्सरीवाला स्वतःच दर कमी करतोय, तर उलटं. शंभर टक्के जमेल असं नाही, पाऊस आणि नाशिक-नारायणगावचा माल मध्ये येतोच, पण व्हॉट्सॲपवर आलेल्या दराच्या फोटोपेक्षा कधीही बरं.

आता कारखाना. इथं या शब्दाचा अर्थ पार बदलतो आणि लोक इथंच गंडतात.

टोयोटातल्या ताईची ओनो या इंजिनिअरनं कारखान्यातल्या नासाडीचे सात प्रकार सांगितले, आणि त्यात ओव्हरप्रॉडक्शनला सगळ्यात वाईट म्हटलं. इथं बाजाराचा, दराचा, मंदीचा काही संबंध नाही. पुढच्या मशीनला किंवा गिऱ्हाईकाला आज लागतं त्यापेक्षा जास्त केलं, किंवा लागायच्या आधीच केलं, की झालं ओव्हरप्रॉडक्शन. ऑर्डर पक्की असली, माल पुढच्या महिन्यात जाणारच असला, तरीसुद्धा. हे आपल्याकडच्या मालकांना पटत नाही, "जाणारच आहे की माल, मशीन रिकामं कशाला ठेवू" हे वाक्य प्रत्येक शेडमध्ये ऐकू येतं.

म्हणून एक हिशेब करून बघूया. समजा तुमच्याकडं कास्टिंगचं हाऊसिंग मशीनिंगला आहे आणि गिऱ्हाईकाला दिवसाला ४०० नग लागतात. दोन शिफ्ट, प्रत्येक आठ तासांची, चहा-जेवण-साफसफाईची ४० मिनिटं वजा केली की शिफ्टला ४४० मिनिटं, दोन्हीची मिळून ८८०. त्याला ४०० नं भागा, आले २.२ मिनिटं, म्हणजे १३२ सेकंद. ह्याला टॅक्ट टाईम म्हणतात, दर १३२ सेकंदाला एक नग बाहेर पडला तर गिऱ्हाईकाला पुरतं. आता सीएनसी मशीनवरचा सायकल टाईम, म्हणजे एक नग काढायला लागणारा वेळ, स्टॉपवॉच लावून बघा. समजा ९५ सेकंद आला. ४०० नगांना लागली ६३३ मिनिटं, उरली २४७. या चार तासांत ऑपरेटर हातावर हात ठेवून बसत नाही, सुपरवायझर बसूही देत नाही, तर अजून १५६ नग निघतात. सहा दिवसांचे ९३६. दोन दिवसांचा माल जास्त, आणि बोर्डावर मात्र एफिशियन्सी एक नंबर.

बरं, त्या ९३६ नगांचं होतं काय? कास्टिंगचं बिल फाउंड्रीला द्यायचं झालेलं. इन्सर्ट झिजले, लाईट जळली. माल ट्रॉलीत भरून भिंतीकडंला, मग ट्रॉल्या कमी पडतात म्हणून नवीन ट्रॉल्या, मग जागा कमी पडते म्हणून पत्र्याचं शेड वाढवायचं. जून-जुलैला कोल्हापूरची हवा अशी दमट की रस्टचं ऑइल मारलं तरी पंधरा दिवसांत तांबेरा धरतो, परत बफिंग. गिऱ्हाईकानं ड्रॉइंगमध्ये एका होलची साईज बदलली की सगळा लॉट भंगारात. आणि सगळ्यात मोठं दुखणं, एखादा ब्लो होल किंवा बोअर ओव्हरसाईज झालेला असेल तर ते कळतं असेंब्लीला, तोपर्यंत तसेच हजारभर करून ठेवलेले असतात. रोजच्या रोज माल पुढं गेला असता तर चाळीस-पन्नासावर सापडलं असतं. ओनो याला सगळ्यात वाईट का म्हणतो ते इथं कळतं, बाकीच्या नासाड्या याच्या पोटातनंच निघतात, साठा, ने-आण, दुरुस्ती, सगळं.

ओळखायचं कसं तर सकाळी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी शेडमधनं एक फेरी मारा आणि मशीन बघू नका, दोन मशीनच्या मधल्या जागा बघा. तिथं पडलेल्या मालावर तारीख आहे का? नसली तर आजपासून खडूनं टाका. आठवडाभरानं बघा कुठली तारीख अजून हललेली नाही. ज्या मशीनच्या पुढं ढीग आहे ते मशीन दोषी असतं असं लोक समजतात, खरं म्हणजे ढीग लावणारं मशीन त्याच्या मागचं असतंय.

थांबवायचं कसं हे त्याहून अवघड, कारण करणारा थांबत का नाही हा सुरुवातीचा तिसरा प्रश्न इथं आडवा येतो. ऑपरेटर थांबत नाही कारण त्याला पीस रेट आहे किंवा नगांवर इन्सेन्टिव्ह आहे. मग त्याला दोष देऊन काय उपयोग, इन्सेन्टिव्ह पुढं गेलेल्या चांगल्या नगांवर करा. मालक थांबत नाही कारण सेटिंग बदलायला अडीच-तीन तास जातात, एकदा लावलंय तर काढून घेऊ आठवड्याचं. ह्याचा उपाय शिगेओ शिंगो या दुसऱ्या जपान्यानं दिला. सेटिंगमधली कामं दोन ढिगांत वेगळी करायची, मशीन बंद असतानाच होतील ती, आणि मशीन चालू असताना आधी करून ठेवता येतील ती. पुढच्या जॉबचे जॉज, टूल, गेज, प्रोग्रॅम, पहिला नग, सगळं ट्रॉलीवर मशीनजवळ आणून ठेवलेलं असेल तर निम्मा वेळ तिथंच वाचतो. आपल्याकडं सेटर ॲलन की शोधत अख्ख्या शेडभर फिरतोय हे दृश्य नवीन नाही. सेटिंग लहान झालं की बॅच लहान करता येते. मग जमिनीवर पिवळा पट्टा मारून जागा ठरवायची, समजा ५० नगांच्या चार ट्रे बसतील एवढी. ट्रे भरल्या की मशीन बंद, पुढच्यानं एक उचलली की परत चालू. ऑपरेटरला त्या वेळेत बसवायचं नसेल तर दुसऱ्या जॉबचं सेटिंग करू दे, मेन्टेनन्स करू दे, कोवळ्या पोराला शिकवू दे. पण नग काढायचे नाहीत. पहिला आठवडा मालकाच्या जिवाला घोर लागतो, बंद मशीन बघवत नाही.

फाउंड्रीवाल्यांनी हे जसंच्या तसं उचलू नये हेही सांगतो. भट्टीत मेटल एकदा वितळलं की ते ओतायलाच लागतं, अर्ध्यावर थांबवता येत नाही, त्यामुळं हीट (एका खेपेला वितळवलेलं मेटल) जेवढी तेवढे मोल्ड हे गणित राहणारच. तिथं एकाच ग्रेडचे वेगवेगळे पार्ट एका हीटमध्ये बसवणं एवढं हातात आहे, आणि तेवढं केलं तरी बरंच होतं. कन्सल्टंट येऊन फाउंड्रीला कार कंपनीचे धडे देतात तेव्हा मला जरा हसूच येतं.

इचलकरंजीला गेलं की गोष्ट अजून वेगळी. तिथं १९०४ पासून यंत्रमाग आहेत आणि कापड बाजार मंदा असला की ग्रे म्हणजे रंगवायच्या आधीच्या कोऱ्या कापडाचे तागे पडून राहतात हे सगळ्यांना दिसतं. तरी लूम चालूच. का? कारण लूमचा हप्ता, शेडचं भाडं, कामगार, हे लूम बंद ठेवलं तरी चुकत नाहीत. मीटरमागं दोन पैसे तोटा झाला तरी बंद ठेवण्यापेक्षा कमी तोटा. आणि खर्चीवाला तर दुसऱ्याच्या सुतावर मजुरीनं विणतो, कापड विकलं जातंय का नाही हा त्याचा प्रश्नच नाही. सगळ्यांनी मिळून आठवड्यातनं दोन दिवस बंद ठेवायचं ठरवलं तरी प्रत्येकाला वाटतं शेजाऱ्यानं ठेवावं, आपण चालवू. यातनं एक महत्त्वाचा फरक शिकायचा. माल जास्त होणं वेगळं आणि माल करायची ताकद जास्त असणं वेगळं. दुसऱ्याला इंग्रजी पेपरात ओव्हरकपॅसिटी म्हणतात, चीनचं स्टील, चीनचे सोलर पॅनल यांच्या बातम्या असतात त्या मुळात या ताकदीच्या असतात. साठा एका हंगामात विकून टाकता येतो, उभी केलेली भट्टी आणि लूम विकता येत नाहीत, विकली तरी दुसरा कोणतरी चालवतोच.

दुधाचं थोडक्यात. थंडीत पुष्टकाळात दूध वाढतं, उन्हाळ्यात कृशकाळात आटतं, आणि म्हशीला काही पिवळा पट्टा मारून थांबवता येत नाही. म्हणून दूध संघ जास्तीच्या दुधाची पावडर करून ठेवतात. पावडरीचा जगातला दर पडला की मात्र ही सोय उलटते, जुलै २०१८ मध्ये राज्यात गाईच्या दुधाच्या दरावरनं आंदोलन पेटलं त्याच्या मागं हेच होतं. युरोपात तर १९८४ ते २०१५ देशादेशाला दुधाचा कोटा बांधून दिला होता, कारण सरकारी गोडाऊनमध्ये लोण्याचे डोंगर साठले होते.

डॉक्टरच्या अर्थात कशाच्या मानानं हे शरीरच ठरवतं, आणि रिपोर्टवर शेजारी रेंज छापलेली असते. पण तिथंही एक बघण्यासारखं आहे. युरिक ॲसिड वाढलं की लोक म्हणतात शरीरात जास्त तयार व्हायलंय, मटण बंद करा. बहुतेक गाऊटच्या पेशंटमध्ये तयार जास्त होत नसतं, किडनीतनं बाहेर कमी पडत असतं. साठा तोच, कारण उलटं, आणि औषधही त्याप्रमाणं वेगळं असू शकतं, त्यामुळं ते डॉक्टरवर सोडा. ही नजर बाकीच्या ठिकाणीही लावता येते, गोडाऊन भरलंय म्हणजे उत्पादनच वाढलं असं नाही, कधीकधी उचल थांबलेली असते.

निसर्गात हा शब्द वाईट अर्थानं वापरायचाच नाही. आंब्याला मोहोर किती येतो आणि फळं किती धरतात बघा, शेकड्याला एक धरलं तरी खूप. मासा लाखांनी अंडी टाकतो. डार्विननं मुद्दाम सगळ्यात सावकाश वाढणारा हत्ती घेतला आणि हिशेब मांडला की एका जोडीपासून साडेसातशे वर्षांत जवळपास एक कोटी नव्वद लाख हत्ती होतील. होत नाहीत, कारण जगतात थोडे, आणि कोण जगतो यातनंच निवड होते. तिथं जास्तीची पैदास ही नासाडी नाही, त्यावरच सगळा खेळ आहे. गाण्याबद्दल कोण ओव्हरप्रोड्यूस्ड म्हणालं तर त्याचा अर्थ नुसता एवढाच, की स्टुडिओत इतकं घासलंय-पुसलंय की गाणाऱ्याचा गळा ऐकूच येत नाही.

राहिला पदवीधरांचा. पीटर टर्चिन म्हणून अभ्यासक आहे, त्यानं २०१० मध्ये सांगितलं होतं की २०२० च्या आसपास अमेरिकेत अस्थिरता वाढेल, आणि त्याचं एक कारण दिलं एलिट ओव्हरप्रॉडक्शन. याचा अर्थ "शिकलेली पोरं जास्त झाली" एवढाच घेतला जातो, तो अपुरा आहे. सत्तेच्या, मानाच्या खुर्च्या मोजक्या आणि त्या आपल्यालाच मिळाल्या पाहिजेत असं वाटणारी, त्यासाठी पैसा आणि शिक्षण असलेली माणसं त्यापेक्षा कितीतरी जास्त, आणि हरलेले गप्प बसत नाहीत, ते वेगळी चूल मांडून लोकांना पेटवतात, हे त्याचं म्हणणं. २०२४ च्या पोलीस भरतीत राज्यात १७ हजारांच्या आसपास जागांना १७ लाखांवर अर्ज आले, त्यात इंजिनिअर आणि एमबीए पण होते. त्याला बेकारी म्हणा, एलिट ओव्हरप्रॉडक्शन म्हणू नका, त्या पोरांना खुर्ची नाही, महिन्याला पगार पाहिजे. टर्चिनचा अर्थ बघायचा असेल तर कोल्हापूर महापालिका निवडणुकीच्या तोंडावर बिंदू चौकापासून शाहूपुरीपर्यंत चालत जायचं आणि "भावी नगरसेवक" लिहिलेले फ्लेक्स मोजायचे. जागा ८१ आहेत. तिकीट न मिळालेले त्यातले किती जण पुढच्या आठवड्यात दुसऱ्या पक्षाच्या फ्लेक्सवर दिसतात, तेही सोबत लिहून ठेवा.